गाडी एकदम कडक आहे, सर!

मे महिन्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी दुबईहून गावी आला. शाळेत होता तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर गाड्यांची चित्रं काढायचा आणि माझा मार खायचा. आता पगार चांगला आहे, लग्न व्हायचं आहे, आणि हातात पुण्याहून घेतलेली सेकंडहँड दोन आसनी स्पोर्ट्स कार. दारात येऊन सलाम केला आणि म्हणाला, "चला सर, एक चक्कर मारू. गाडी एकदम कडक आहे!"

बसलो. बसलो म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसलो. चिपळूणच्या बाजारातून निघालो तेव्हा रस्त्यावरचा खडा न् खडा पाठीला कळत होता. शाळेसमोरचा स्पीडब्रेकर आला, तशी त्यानं गाडी तिरकी केली, अर्धा रस्ता अडवला, एका बाजूचं चाक आधी चढवलं, मग दुसरं. तरी खाली खर्रकन आवाज झालाच. समोरून येणारा रिक्षावाला थांबून बघत राहिला. मी विचारलं, "अरे, कंपनीनं अशीच दिली होती?" तो अभिमानानं म्हणाला, "नाही सर, कॉइलओव्हर टाकलेत. फुल ट्रॅक सेटअप."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांची एकत्र जोडी. तिला आटे असतात. ते फिरवून गाडी खाली-वर करता येते आणि खटके फिरवून शॉकअप नरम-कडक करता येतो. ज्याला कळतं त्याच्या हातात ही उत्तम वस्तू आहे. पण या गाडीत पुण्याच्या कुठल्याशा दुकानानं सगळे आटे खाली आणि सगळे खटके कडक करून दिले होते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तो कराडहून परत येत होता. कुंभार्ली घाट उतरताना एका डाव्या वळणावर डांबराचं उंच ठिगळ होतं. त्याच्या सांगण्याप्रमाणे वेग फार नव्हता, आणि मला ते खरं वाटतं. मागचं चाक ठिगळावर आपटून उडालं, गाडीचा मागचा भाग बाहेर सरकला, त्यानं स्टिअरिंग उलट मारलं, आणि चाकाला पुन्हा पकड मिळाल्यावर गाडी थेट समोरच्या बाजूला गेली. समोरून एसटी वर चढत होती. तिचा ड्रायव्हर जुना, अनुभवी माणूस. त्यानं आधीच बाजू दाबली होती, म्हणून गाडी वाचली. पण एसटीच्या मागे मोटरसायकलवर मासळीचे क्रेट बांधून पाटणकडे निघालेला एक माणूस होता. त्यानं घाबरून ब्रेक दाबला आणि पडला. खांद्याचं हाड मोडलं. ऐन हंगामात दीड महिना त्याचा धंदा बंद. मुलानं दवाखान्याचा खर्च दिला, माफी मागितली, पुढचे पैसेही दिले. मुलगा वाईट नाही. पण मला भेटला तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं : "सर, समजत नाही. एवढा कडक सेटअप असताना गाडी सुटली कशी?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. गाडी सुटली ती कडक सेटअप असूनही नव्हे, कडक सेटअपमुळेच.

मला वाटतं, घोटाळा भाषेपासून सुरू होतो. मराठीत 'कडक' हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. चहा कडक, इस्त्री कडक, भाषण कडक, नोट कडक. जे आवडलं ते कडक. उर्दूत निदान 'सख़्त' आणि 'मज़बूत' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सख़्त माणसाला कुणी मज़बूत म्हणेलच असं नाही. 'लचक' हा तर तिथे गुणच आहे. आपली पोरं मात्र गाडीच्या बाबतीत सख़्त म्हणजेच मज़बूत असं धरून चालतात. स्प्रिंग दाबून बघायची, दबली नाही की खूश.

स्प्रिंगचं काम न दबणं हे नाहीच. गाडीचा रस्त्याशी संबंध काय तो चार टायरांचा, आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. ब्रेक, वळण, वेग, सगळं या चार तळहातांच्या भरवशावर. हे तळहात जमिनीवरून सुटू नयेत, आणि त्यांच्यावरचा भार शक्य तितका सारखा राहावा, एवढ्यासाठी सस्पेन्शन असतं. आराम हा त्याचा दुसरा फायदा. रस्त्याला उंचवटा आला तर चाकानं वर जावं, खड्डा आला तर खाली जावं, आणि गाडीचं धड आपल्या जागी राहावं. स्प्रिंग फार ताठ असेल तर चाक एकटं वर जात नाही, धडालाच सोबत ढकलतं. मग धड वर गेलं की चाकही त्याच्याबरोबर उचललं जातं आणि उंचवट्याच्या पलीकडे क्षणभर हवेत राहतं. हवेतल्या टायरला पकड नसते. खाली आपटल्यावर त्याच्यावर दुप्पट भार येतो, पण पकड काही दुप्पट होत नाही. टायरचा स्वभावच तसा आहे : भार जितक्या प्रमाणात वाढेल तितक्या प्रमाणात पकड वाढत नाही. म्हणजे उडताना जे गेलं ते आपटताना परत मिळत नाही. खडबडीत रस्त्यावर कडक गाडी हा तोट्याचा सौदा सेकंदाला अनेकदा करत असते.

शॉकअपबद्दलही गैरसमज आहे. नाव शॉक अब्सॉर्बर असलं तरी धक्का झेलते स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगला नाचू न देणं. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून जावं लागतं, हालचालीची ताकद उष्णतेत जिरते आणि उसळी थांबते. गेलेला शॉकअप घेऊन फिरणं धोक्याचं आहेच. जुन्या टॅक्सीत बसून होडीचा अनुभव घेतलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. पण फार कडक शॉकअपही तितकाच वाईट. चाक खड्ड्यात उतरायला हवं तेव्हा तो त्याला उतरू देत नाही. नरम स्प्रिंग आणि ढिला शॉकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोरं त्यांना एकच समजतात आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर करतात.

माझे अब्बा ट्रकच्या कमान-पाट्यांचं काम करायचे, त्यामुळे ही गोष्ट मी पुस्तकाआधी भट्टीजवळ शिकलो. झिजून सपाट झालेले पाटे तापवून, ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यायची. ट्रकमालक यायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, दोन पाटे जास्तीचे टाका, माल जास्त घ्यायचाय." अब्बा टाकायचे, पोटापाण्याचा प्रश्न होता, पण ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगायचे की रिकामा परतताना जपून. भरलेला ट्रक नीट चालायचा. रिकामा झाला की तेच पाटे त्याला ताठ पडायचे, मागची चाकं थयथय नाचायची, आणि ब्रेक मारला की मागचा भाग आडवा यायला बघायचा. स्प्रिंग ओझ्याच्या आणि रस्त्याच्या हिशोबानं असते, स्वतःच्या मोठेपणासाठी नसते, हे मला तेव्हा कळलं.

आता कुणी म्हणेल, मग रेसच्या गाड्या कडक का असतात? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एकाच माणसाच्या कामात सापडतं. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमननं लोटस कंपनी काढली. १९६२ मध्ये त्यानं एलान नावाची रस्त्यावरची छोटी स्पोर्ट्स कार आणली. वजन सातशे किलोच्या आत. पोलादी कण्यासारखी मजबूत चासी, वर फायबरग्लासची बॉडी, आणि स्प्रिंग चक्क नरम. चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा. इंग्लंडचे गावाकडचे रस्ते अरुंद, वळणावळणाचे, उंचसखल. त्या रस्त्यांवर ही गाडी अशी चालायची की वळणदार रस्त्यावर गाडी कशी वागावी याचं उदाहरण म्हणून आजही तिचंच नाव घेतलं जातं. सांगाडा ताठ आणि सस्पेन्शन लवचिक, हे तिचं गुपित. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं : बॉडी खुळखुळी आणि स्प्रिंग लोखंडी.

त्याच चॅपमनच्या कारखान्यातून १९७८ मध्ये लोटस ७९ ही फॉर्म्युला वनची गाडी आली आणि मारिओ आंद्रेत्ती तिच्यावर जगज्जेता झाला. या गाडीच्या पोटाखालून जाणारी हवा गाडीला जमिनीकडे ओढायची. गाडी थोडी जरी वर-खाली झाली तरी ही ओढ बिघडते, म्हणून तिला हलूच द्यायचं नाही, असा विचार पुढे वाढला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अशा गाड्यांचं सस्पेन्शन जवळजवळ नसल्यासारखंच झालं होतं. ड्रायव्हर अक्षरशः पिळून निघायचे. १९८३ पासून सपाट तळाचा नियम आला आणि ते थांबलं. २०२२ मध्ये पोटाखालच्या हवेचा खेळ फॉर्म्युला वनमध्ये परत आला आणि गाड्या सरळ रस्त्यावर टणाटण उसळू लागल्या. बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून कसाबसा गाडीबाहेर आला, ते अनेकांनी पाहिलं असेल.

म्हणजे रेसची गाडी कडक असते ती हवेच्या दाबासाठी, आणि तिच्या खालचा रस्ता गालिच्यासारखा असतो. तोच माणूस रस्त्यावरची गाडी करताना नरम स्प्रिंग वापरतो. आकड्यात सांगायचं तर घरगुती गाडीचं धड स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतं, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचं दोनच्या आसपास, आणि हवेच्या दाबावर पळणाऱ्या रेसच्या गाडीचं तीन ते पाच किंवा त्याहूनही जास्त. घाटात चाळीसच्या वेगानं जाणाऱ्या गाडीला हवेचा असा दाब कुठून मिळणार? पोरगं रोग नसताना औषध घेत होतं.

ही फक्त जुन्या जमान्याची गोष्ट आहे असंही नाही. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या द्येप गावच्या कारखान्यातून नवी आल्पिन ए११० आली. वजन साधारण अकराशे किलो, चारही चाकांना डबल विशबोन, स्प्रिंग तुलनेनं नरम, आणि चाक पार वर गेलं तर शेवटी धाडकन न आपटता तेलाच्या गादीवर टेकेल अशी सोय. ही गाडी वळणावर थोडी कलते आणि तरी रस्ता सोडत नाही. वजन कमी असलं की स्प्रिंगला फार ताठ राहावं लागत नाही, हा सगळा हिशोब. जड गाड्यांसाठी दुसरा मार्ग निघाला : शॉकअपच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण टाकायचे आणि विजेच्या चुंबकानं ते तेल क्षणात घट्ट किंवा पातळ करायचं. २००२ मध्ये कॅडिलॅकनं ते बाजारात आणलं. पण वजनदार गाडीला हुशार शॉकअप लावणं म्हणजे ढ मुलाला चार क्लास लावणं. निकाल सुधारतो, खर्चही होतो.

गाडी कलण्याबद्दल एक शब्द, कारण सगळा 'ट्रॅक सेटअप' याच भीतीतून जन्माला येतो. वळणावर गाडी कलली म्हणजे ती उलटणार, असं वाटतं. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं : गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर. स्प्रिंग कडक करून हा भार कमी होत नाही, फक्त तो जाताना दिसत नाही. गाडी खाली केल्यानं थोडा फरक पडतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून पन्नास सेंटिमीटरवर असेल आणि गाडी तीन सेंटिमीटर खाली केली, तर फायदा झाला सहा टक्के. त्यासाठी मोजलेली किंमत बघा. चाकाला वर जायला जी सात-आठ सेंटिमीटरची जागा होती, त्यातली तीन गेली. शिवाय अनेक साध्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो. तिथे गाडी फार खाली केली तर खालचे आर्म उलटे तिरके होतात आणि गाडीचा कलण्याचा कल उलट वाढतो. टाय रॉडचा कोनही बदलतो, मग चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग न फिरवता आपोआप थोडं वळतं. घाटात, ठिगळावर, समोर एसटी असताना.

कंपनीच्या स्प्रिंगची दोन वेटोळी कापून गाडी 'डाउन' करणारी मंडळी तर आमच्या तालुक्यात पुष्कळ आहेत. आठ वेटोळ्यांची स्प्रिंग सहाची केली की ती एक तृतीयांशानं जास्त ताठ होते, आणि शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या मापाचाच राहतो. ग्राइंडरची दोन मिनिटं आणि पाचशे रुपये. बाकीचा हिशोब रस्त्यावर होतो.

त्या अपघातानंतर गाडी आमच्या उस्तादांकडे आली. (शिकवणाऱ्यालाही उस्ताद म्हणतात आणि मिस्त्रीलाही. दोघांत जास्त इज्जत कुणाला मिळते हे मी सांगत नाही.) उस्तादांनी चाक काढलं, टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. शॉकअपच्या दांड्यावर बम्प स्टॉपचा रबर असतो, चाक पार वर गेलं तर शेवटचा आधार म्हणून. त्या रबराचा चेंदामेंदा झाला होता. मागच्या बाजूला गाडी इतकी खाली होती की रबर आणि शॉकअप यांच्यात बोटभर जागाही उरली नव्हती. वळणावर भार मागच्या बाहेरच्या चाकावर आला तेव्हा गाडी आधीच रबरावर बसली होती. म्हणजे त्या क्षणी त्या कोपऱ्यात स्प्रिंग नव्हतीच, दगड होता. तेवढ्यात ठिगळ आलं. वर मागचा अँटी-रोल बारही कडक छिद्रात लावलेला. हा बार डावं-उजवं चाक एकमेकांना बांधतो, गाडीचं कलणं कमी करतो, पण मागे जास्त कडक केला तर वळणावर मागची पकड आधी सुटते. सपाट ट्रॅकवर काही ड्रायव्हर मुद्दाम तसं लावतात. घाटात उतारावर ते लावणं म्हणजे शिडीखालची पायरी आपणच काढून ठेवणं.

रस्ते खराब आहेत, त्यांचं काय, असं मुलगा म्हणाला. बरोबर आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद सांगितला आहे, ताशी पंचवीसच्या वेगानं अलगद ओलांडता येईल असा. आमच्याकडचे स्पीडब्रेकर म्हणजे उरलेल्या डांबराची कबर असते. त्याबद्दल ज्यांना जाब विचारायचा त्यांना विचारलाच पाहिजे, आणि मी विचारतोही. पण रस्ता जसा आहे तसा आज आहे. त्यावर चालायची गाडी त्याच रस्त्याच्या मापाची हवी. जर्मनीतला न्यूरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक १९२७ चा, जवळजवळ एकवीस किलोमीटरचा, डोंगरातला. तिथल्या लॅपच्या वेळा कंपन्या जाहिरातीत मिरवतात आणि आमची पोरं त्या पाठ करतात. तो ट्रॅकसुद्धा उंचसखल आहे, तिथेही नुसती ताठ गाडी टिकत नाही. आणि तिथे समोरून मासळीवाला येत नाही.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, थोडी कडू. गाडी खाली केलेली, काचा काळ्या, सायलेन्सर फाडलेला, आणि चालवणाऱ्याचं नाव आपल्यातलं. अपघात एकाचा होतो, नाव मोहल्ल्याचं निघतं. हे अन्यायाचं आहे, दुसऱ्यांच्या बाबतीत असं होत नाही, सगळं खरं. तरी मला तो युक्तिवाद पुढे करून मुलाला सोडून द्यायचं नाही. कायदाही आहे : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत फेरफारांविरुद्ध निकाल दिला. पण पोलिसाची भीती घालून काही होत नाही, पोरं नाका चुकवून जातात. मी त्याला दुसऱ्या गोष्टीची आठवण करून दिली. लहानपणी मदरशात आपल्याला रस्त्याचा हक शिकवतात. वाटेवरचा त्रास दूर करणं हे ईमानाचंच अंग मानलं आहे. दगड बाजूला करायचा हे आपल्या लक्षात राहतं. आपली गाडीच दुसऱ्याच्या वाटेतला दगड झाली तर? स्पीडब्रेकरवर तिरकी होऊन अर्धा रस्ता अडवणारी, खड्डा सोसत नाही म्हणून मोटरसायकलवाल्याच्या अंगावर वळणारी गाडी रस्त्याचा हक मारतेच. घाटात उडाली नाही तरी.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, स्टॉक स्प्रिंग परत टाकू? सगळे हसतील." उस्तादांनी मध्येच सांगितलं की परत टाकायची गरज नाही, हाच माल चांगला आहे, फक्त डोकं लावून बसवायला हवा. दुपारभर ते काम चाललं. गाडी कंपनीच्या उंचीपेक्षा एक सेंटिमीटर खाली, त्याहून जास्त नाही. नवे रबर, रबराच्या वर चार बोटं मोकळी जागा. शॉकअपचे खटके सगळे सोडून पुन्हा मोजून घट्ट केले, पुढे आठ, मागे सहा. मागचा बार नरम छिद्रात. मग अलाइनमेंट. स्प्रिंग तीच राहिली. उस्तादांच्या मते तीही थोडी ताठच आहे, पण बदलायला त्या मापाची इथे मिळत नाही.

संध्याकाळी कुंभार्लीपर्यंत जाऊन आलो. त्याच वळणावर त्यानं वेग कमी केला, इतका की मागच्या टेम्पोनं हॉर्न मारला. ठिगळावरून चाक वर गेलं, खाली आलं, एवढंच. गाडी थोडी कलली. "सर, झोके खातेय," तो नाराजीनं म्हणाला. परतताना मासळीवाल्याच्या घरी थांबलो. त्याचा हात अजून गळ्यात होता. त्यानं चहा विचारला आणि बाहेर येऊन गाडी बघितली. उंची बघून म्हणाला, "आता बरी दिसते."

पोरगा काहीच बोलला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परत गेला. गाडी उस्तादांच्या शेडमध्ये झाकून ठेवली आहे. किल्ली त्यानं भावाला न देता माझ्याकडे दिली, आणि जाताना सांगून गेला की मागचे खटके कुणाला फिरवू देऊ नका.